विरोधी बाकावरच्या मृणालताई

विधिमंडळाची कार्यवाही वाचणारा वाचक विरळा. सभागृहात बोललेला जवळजवळ प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपून घेतात, तो छापला जातो, त्याचे खंड बांधले जातात आणि ते खंड ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतात. अधूनमधून एखादा संशोधक त्यातला एखादा बाहेर काढतो. बाकी आमदार लोकांच्या लक्षात राहतो तो सभांमुळे, मोर्च्यांमुळे आणि पुढे कधीतरी त्याचे नाव दिलेल्या रस्त्यामुळे. मृणाल गोरे यांचेही असेच झाले आहे. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. त्यांचा विषय निघाला की मराठी माणूस ‘पाणीवाली बाई’ म्हणतो, त्याला लाटणे मोर्चा आठवतो आणि तो जरा वयस्क असेल तर १९७७ ची घोषणाही म्हणून दाखवतो : पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. यातले काहीच खोटे नाही. पण या आठवणींत हंडा आहे, लाटणे आहे, घोषणा आहे. तारांकित प्रश्न, कपात सूचना आणि अशासकीय विधेयक मात्र कुठेच नाही.

या पुस्तकाचा विषय ही राहून गेलेली बाजू आहे. मृणालताई १९७२ ते १९७७ आणि पुन्हा १९८५ ते १९९० महाराष्ट्राच्या विधानसभेत होत्या; मधल्या काळात लोकसभेत. दिल्लीतली जनता पक्षाची अडीच वर्षे सोडली तर त्यांची सगळी संसदीय कारकीर्द विरोधी बाकावर गेली. त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते आणि बहुमत तर कधीच नव्हते. पक्ष असा, की दर काही वर्षांनी फुटायचा, जुळायचा आणि पाटी बदलायचा. तरीही गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला तो या बाकाच्या रेट्यामुळे. सत्तेत न जाता सरकारकडून काय काय करवून घेता येते, याचे मराठी राजकारणातले इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

समाजवाद्यांना ‘डावे’ म्हणावे का, यावर वाद घालायला आजही उत्साही मंडळी मिळतील. कम्युनिस्टांनी समाजवाद्यांना ते प्रशस्तिपत्र सहसा दिले नाही आणि समाजवाद्यांनीही ते कधी मागितले नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीत दोघे एकत्र आले आणि त्याच समितीत भांडलेही. सभागृहात मात्र रेशन, मजुरी, जमीन, झोपडी, पाणी, बाईचा हक्क असा प्रश्न आला की शेतकरी कामगार पक्ष, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि समाजवादी बहुतेक वेळा एका बाजूला असत. मला एवढे पुरेसे वाटते. पोथ्यांमधला फरक ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याने तो अवश्य जपावा.

मृणाल मोहिले यांचा जन्म २४ जून १९२८ चा. त्या वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी ते अर्ध्यावर सोडले आणि सेवा दलातलेच सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न करून गोरेगावात संसार मांडला. १९५८ साली बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. गोरेगावातले महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचा प्रचार ही कामे आधीपासून चालूच होती. कुटुंबनियोजनाच्या या कामाकडे वाचकाने लक्ष ठेवावे. पुढे तीस वर्षांनी विधानसभेत ते वेगळ्याच रीतीने उपयोगी पडले.

गोरेगाव आधी मुंबईत नव्हते. बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली ती १९५७ साली, आणि त्याबरोबर गोरेगावही महानगरपालिकेत आले. कर लागू व्हायला वेळ लागला नाही, पाणी यायला मात्र लागला. १९६१ साली मृणालताई नगरसेविका झाल्या तेव्हा उपनगरात पाण्याची जी रड होती तिच्यातूनच त्यांचे टोपणनाव जन्माला आले. रिकामे हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर जाणाऱ्या बायकांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. पण पालिकेतल्या या वर्षांचे खरे महत्त्व वेगळे आहे. महानगरपालिकेचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, तरतूद कोणत्या शीर्षाखाली दडवतात, जलवाहिनी मंजूर असूनही ती टाकली का जात नाही, अधिकारी ‘विचाराधीन आहे’ म्हणतो तेव्हा फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर असते, हे त्या तिथे शिकल्या. आमदार होण्यापूर्वी नगरसेवक असणे ही मोठीच शाळा आहे, आणि आज तिकीट वाटणारे तिला कमी लेखतात.

झोपडपट्टीच्या पाण्याची अडचण नळ जोडण्यापुरती नव्हती. झोपडी अनधिकृत, तिला अधिकृत नळ दिला तर झोपडीच अधिकृत केल्यासारखे होईल, हा प्रशासनाचा युक्तिवाद. ऐकायला तो बिनतोड वाटतो. मृणालताई आणि त्यांचे सहकारी सांगत ते एवढेच की जागेच्या मालकीचा निकाल कोर्टात लागो किंवा कुठेही लागो, तहान तोवर थांबत नाही. हा वाद किती चिवट आहे पाहा. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावे लागले की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्याला पाणी नाकारता येणार नाही. गोरेगावच्या बायकांचा युक्तिवाद न्यायालयाच्या भाषेत यायला अर्धशतक लागले.

१९७२ ची विधानसभा २७० जणांची होती. त्यात काँग्रेसचे २२२ आणि समाजवादी पक्षाचे ३. तेव्हा सभागृह नरीमन पॉइंटला नव्हते. विधानभवनाची आजची इमारत १९८१ ची. मृणालताई पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा कामकाज चाले ते रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये. तीन माणसांनी तिथे करायचे काय? चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो. अर्थसंकल्पावर बोलायला तिघांच्या वाट्याला मिनिटे येणार, आणि तीही बहुधा मंत्री चहाला उठल्यावर. मतदानाचा निकाल तर आधीच ठरलेला.

पण विधिमंडळाच्या नियमांत एक सोय आहे, जी मोठ्या पक्षांच्या आमदारांना फारशी लागत नाही म्हणून ती त्यांच्या ध्यानातही येत नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क पक्षाला नाही, सदस्याला आहे. लक्षवेधी सूचना देणे, अर्धा तास चर्चा मागणे, औचित्याचा मुद्दा मांडणे, कपात सूचना दाखल करणे हे एकटा आमदारही करू शकतो. तारांकित प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून तो खाली सरकतो : सचिव, संचालक, जिल्हाधिकारी, तहसीलदार किंवा वॉर्ड अधिकारी. त्या साखळीत कुणाला तरी कागदावर लिहून द्यावे लागते की अमुक गावात रेशनचे धान्य किती आले आणि किती वाटले. उत्तर बरेचदा गुळमुळीत असते, क्वचित सरळ खोटे असते. पण खोटे असले तरी ते सही-शिक्क्याचे खोटे असते, आणि पुढच्या अधिवेशनात ते मंत्र्यांसमोर धरता येते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे पाहायला तर आश्वासन समितीच असते. २२२ जणांच्या बहुमताला हरवता येत नाही, हे तिघांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. त्या बहुमताकडून हिशेब मात्र मागता येतो. मृणालताईंच्या सभागृहातल्या कामाचा पाया मला यात दिसतो.

ही रीत समाजवाद्यांच्या घरातच होती. डॉ. लोहिया १९६३ साली पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले आणि त्यांनी नेहरूंना विचारले की देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात हे खरे की नाही. नेहरू म्हणाले पंधरा आणे. मग आकड्यांवर लोकसभेत जी चर्चा झाली तिने गरिबी हा भाषणातला विषय हिशेबाचा करून टाकला. मधु लिमये नियमांचे पुस्तक कोळून प्यालेले. हक्कभंगाची सूचना आणि हरकतीचा मुद्दा त्यांच्या हातात आला की सत्ताधारी सावरून बसत. नाथ पै यांचे वक्तृत्व तर दंतकथा झाले आहे. मधु दंडवते राजापूरचे खासदार म्हणून १९७१ पासून वीस वर्षे अभ्यासाने बोलत राहिले. मृणालताईंकडे नाथ पैंची वाणी नव्हती आणि लिमयांचा कायद्याचा किडाही नव्हता. त्यांची भाषा साधी, घरातली, पुष्कळदा चिडलेली. त्यांच्या मागे मात्र या सगळ्यांपेक्षा एक गोष्ट अधिक होती. प्रश्न लिहून देण्याच्या आदल्या दिवशी त्या ज्यांच्याबरोबर रस्त्यावर असत, त्या बायका.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यामागून आलेली महागाई ही या रीतीची पहिली मोठी परीक्षा. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती त्याच वर्षी उभी राहिली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवाद्यांच्या प्रमिला दंडवते, कमल देसाई आणि मृणालताई या एका व्यासपीठावर आल्या. यांचे पुरुष नेते एका टेबलाशी बसवायचे तर आधी महिनाभर पत्रव्यवहार करावा लागला असता. बायकांनी थाळ्या वाजवल्या, लाटणी उगारली, मंत्र्यांना घेराव घातले. तेल, साखर, रवा, रॉकेल रास्त भावाने मिळावे, रेशनची व्यवस्था नीट चालावी, साठेबाजांवर कारवाई व्हावी, अशा मागण्या. पुढच्या पिढीतल्या स्त्रीवादी अभ्यासकांनी या आंदोलनावर आक्षेप घेतला आहे : लाटणे हेच निशाण झाल्याने बाई स्वयंपाकघरातच राहिली. आक्षेप चुकीचा नाही. पण ज्या बाईला घराबाहेर पडायला नवऱ्याची परवानगी लागत होती ती लाटणे हातात घेऊन मंत्र्याच्या केबिनपर्यंत गेली, याचेही वजन त्याच काट्यावर टाकायला हवे. रस्त्यावरची ही गर्दी आणि सभागृहातला रेशनवरचा प्रश्न यांच्यात तेव्हा फार अंतर नव्हते. मंत्र्यांना ठाऊक असे की आत प्रश्न विचारणारी बाई संध्याकाळी बाहेर उत्तर वाचून दाखवणार आहे.

आणीबाणी आणि दिल्ली यांबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या, तुरुंगात राहिल्या. १९७७ साली मुंबई उत्तरमधून लोकसभेवर गेल्या. त्याच निवडणुकीत अहिल्याताईही मुंबईतूनच निवडून आल्या. त्या लोकसभेत स्त्रिया होत्या अवघ्या १९. मोरारजी देसाईंनी आरोग्य खाते देऊ केले होते आणि मृणालताईंनी ते घेतले नाही, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. यावर माझे मत चांगले नाही. जो पक्ष सत्ता मिळवायला निवडणूक लढवतो त्याने सत्ता आल्यावर हात झटकणे हा समाजवाद्यांचा जुना दोष, आणि तो त्याग म्हणून मिरवला गेला. आरोग्य खाते वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या, वस्त्यांमध्ये काम केलेल्या बाईच्या हाती गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे कायमचा अनुत्तरित राहिला.

१९८५ साली त्या विधानसभेत परतल्या, या वेळी नव्या विधानभवनात. सभागृह आता २८८ जणांचे होते. काँग्रेस १६१; शरद पवारांची समाजवादी काँग्रेस ५४; जनता पक्ष २०; भाजप १६; शेकाप १३. १९८६ च्या अखेरीस पवार आपल्या लोकांसह काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी बाजूचा सर्वांत मोठा गट एका दिवसात समोरच्या बाकांवर जाऊन बसला. उरलेल्या छोट्या पक्षांत विरोधी पक्षनेतेपद मग आळीपाळीने फिरले : जनता पक्षाचे मालेगावचे निहाल अहमद, शेकापचे अलिबागचे दत्ता पाटील, आणि डिसेंबर १९८८ ते ऑक्टोबर १९८९ मृणालताई. राजकीय निरीक्षक या काळाकडे विरोधी पक्ष विस्कटल्याचा काळ म्हणून पाहतात. सामाजिक कायद्यांच्या अंगाने पाहिले तर हाच काळ सर्वांत सुपीक ठरला.

गर्भजल परीक्षा भारतात सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले आनुवंशिक दोष शोधायला. तिच्यातून मुलगा की मुलगी हेही कळते हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. १९७८ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत या कामासाठी ती वापरायला मनाई केली. परिणाम एवढाच झाला की धंदा खासगी दवाखान्यांत गेला. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकलच्या डब्यांत तिच्या जाहिराती लागत. आज थोडे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. महाराष्ट्र सरकारनेच पुरस्कृत केलेल्या एका अभ्यासासाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून पाहिले. त्यांतले ४२ जण, म्हणजे शंभरात ८४, लिंग ओळखण्यासाठी ही परीक्षा करत होते. यात लाजण्यासारखे काही आहे असे त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटत नव्हते.

मुंबईत त्या सुमारास गर्भलिंगनिदानाच्या विरोधात मंच तयार झाला. त्यात स्त्री-संघटना होत्या, लोकविज्ञानवाले होते, आरोग्यक्षेत्रातले कार्यकर्ते होते, वकील होते. त्यांच्याकडे माहिती होती, युक्तिवाद होते. विधानभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. ती जागा मृणालताईंच्या अशासकीय विधेयकाने मिळवून दिली.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. त्याच्या वाट्याला येतो शुक्रवारचा उत्तरार्ध, जेव्हा निम्मे सभागृह गावाकडच्या गाडीच्या वेळा पाहत असते. असे विधेयक मंजूर होत नाही, हे मांडणाऱ्यालाही माहीत असते. संसदेच्या सगळ्या इतिहासात अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली, त्यांतले शेवटचे १९७० साली. मग मांडायचे कशाला? कारण विधेयक मांडले की सरकारला भूमिका घ्यावी लागते. ठरावाला ‘सहानुभूतीने विचार करू’ म्हणून वाटेला लावता येते. विधेयकात कलमे असतात, व्याख्या असतात, शिक्षा असते, त्यांतल्या प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणावे लागते. आणि सरकारला ‘नाही’ म्हणायचे नसेल तर एकच वाट उरते : हे विधेयक मागे घ्या, आम्ही आमचे आणतो. प्रमिला दंडवते यांनी लोकसभेत १९८० साली हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी असेच विधेयक मांडले होते. कायद्यात १९८४ आणि १९८६ साली ज्या दुरुस्त्या झाल्या त्यामागे तो रेटा होता. दोघी मैत्रिणी, दोघींची तऱ्हा एक.

विधेयकाला विरोध करणारे सगळेच काही दुष्ट नव्हते, आणि हा भाग मला सर्वांत वाचनीय वाटतो. काही जण म्हणत, बंदी घातली की हे चोरून चालेल आणि महाग होईल. काहींना वाटे, कुटुंबनियोजनाला यामुळे हातभारच लागतो. मुलाच्या आशेने पाच मुली होण्यापेक्षा हे बरे. धर्मा कुमार यांच्यासारख्या नाणावलेल्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९८३ साली लिहिले होते की स्त्रिया कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल. लीला दुबे यांनी त्यांना लगेच उत्तर दिले : स्त्रिया दुर्मीळ होतात तिथे त्यांचा मान वाढत नाही, त्यांच्यावरची जबरदस्ती वाढते. माणसाला बाजाराचा नियम लावू नये, हे समाजशास्त्रज्ञाने अर्थशास्त्रज्ञाला सांगावे लागले. याहून अवघड पेच होता गर्भपाताच्या हक्काचा. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची जी मोकळीक मिळाली होती तिला धक्का लावायचा नव्हता. स्त्रीला नको असलेले गर्भारपण टाळण्याचा हक्क राखायचा आणि गर्भ मुलीचा आहे म्हणून तो टाकणे रोखायचे, हे दोन्ही एकाच वेळी कसे साधणार? मंचाने आणि मृणालताईंनी काढलेली वाट नेमकी होती. गर्भपाताला हात लावायचा नाही; लिंग सांगणाऱ्या चाचणीवर आणि तिच्या जाहिरातीवर बंदी घालायची. गुन्हा तिथे धरायचा जिथे डॉक्टर मुलगी आहे असे सांगतो. देशाचा आजचा कायदाही याच पायावर उभा आहे.

आणि इथे ते कुटुंबनियोजन आठवावे. पन्नासच्या दशकात गोरेगावच्या चाळींत जाऊन संततिनियमनाचे समजावून सांगणाऱ्या बाईला कोणी लोकसंख्यावाढीचा धाक घालू शकत नव्हते. तो मुद्दा दुसऱ्या कुणाच्या तोंडावर मारता आला असता, त्यांच्या नाही.

सरकारने शेवटी स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ साली महाराष्ट्राचा प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापराचे नियमन करणारा कायदा झाला. त्या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. कायद्याचे श्रेय सरकारने घेतले, आणि ते ठीकच आहे. विरोधी पक्षाचा विजय पुष्कळदा सरकारच्या नावावर जमा होतो. पण सरकारी मसुदा म्हणजे मृणालताईंच्या मागणीचे पूर्ण माप नव्हते. खासगी केंद्रांना नोंदणी करून काम चालू ठेवायची मुभा राहिली. चाचणी करून घेणाऱ्या स्त्रीलाही आरोपी धरण्याची तरतूद आली, जिच्यावर स्त्री-संघटना संतापल्या. सासरच्या दबावाखाली आणलेल्या बाईला दंड करून काय मिळणार होते? तक्रार थेट कोर्टात नेण्याच्या वाटेतही अडथळे ठेवले होते. आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी पोचायला सुरुवात झाली होती, ज्याचा पुरेसा अंदाज कोणालाच नव्हता.

पुढची हकिकत आकड्यांत सांगता येते. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. त्याची अंमलबजावणीच होत नाही म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुरंदर तालुक्यात काम करणारी ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि सोनोग्राफी यंत्रे नीट कक्षेत आली. दरम्यान महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्याची ही उतरण आहे. मृणालताईंच्या कामाचा गौरव करणाऱ्या लेखांत हे आकडे सहसा नसतात. ते असायला हवेत. कायदा करायला भाग पाडणे हे विरोधी आमदाराच्या हातात असते. तो राबवणे सरकारच्या हातात, आणि तिथे प्रश्न विचारत राहायला पुन्हा विरोधी आमदारच लागतो. १९९० नंतर मृणालताई सभागृहात नव्हत्या.

दुसरा धागा जमिनीचा. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. मृणालताईंना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारचाच. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येणार नाही, जास्तीची सरकार घेईल आणि ती दुर्बल घटकांच्या घरांसाठी वापरली जाईल, अशी त्याची कल्पना. त्याच कायद्यातली कलमे २० आणि २१ सूट देण्याची. ‘सार्वजनिक हित’ आणि ‘अवाजवी हालअपेष्टा’ या दोन शब्दांच्या फटीतून मुंबईतली जमीन बिल्डरांच्या हाती निसटू लागली. सभागृहात सूट कोणाला, किती, का, हे विचारत राहणे आणि बाहेर बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषद चालवणे, असे दोन्ही बाजूंनी हे काम चालले. गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, ती ज्यांचे मुंबईत स्वतःचे घर नाही अशा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. एका कायद्याचा हेतू प्रत्यक्षात आणून दाखवला तो सरकारने नाही, विरोधकांनी. केंद्राने १९९९ साली हा कायदा रद्द केला; महाराष्ट्राने २००७ साली, केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचे पैसे मिळवण्याची ती अट होती. आजची मुंबई पाहून ज्याला त्याला आपापले मत बनवता येईल.

प्रस्तावना लिहिणाऱ्याने केवळ आरती करू नये. मला दोन उणिवा जाणवतात. एक जातीची. १९७२ साली मृणालताई विधानसभेत गेल्या त्याच वर्षी त्याच शहरात दलित पँथर जन्मली. मुंबईच्या समाजवाद्यांनी दलितांवरच्या अत्याचारांचा निषेध केला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने उभे राहिले, यात शंका नाही. पण त्यांच्या मांडणीत ‘गरीब’ आणि ‘स्त्री’ या दोन ओळखी पुढे राहिल्या, जात मागच्या रांगेत. झोपडपट्टीत नळ मागणारी बाई कोणत्या जातीची आहे, गावाकडून ती का निघाली, हे त्या राजकारणाने पुरेसे विचारले नाही. दुसरी उणीव वारशाची. स्वतः चांगले काम करणारी माणसे मागे संस्था ठेवतात. गोरेगावातले केशव गोरे स्मारक ट्रस्ट आणि तिथले ‘स्वाधार’ केंद्र याची साक्ष आहे. संस्था राहिल्या, पक्ष राहिला नाही. मृणालताई १७ जुलै २०१२ ला वारल्या तेव्हा त्यांचे मोर्चे आठवणारे हजारो होते. त्यांच्या पक्षातून विधानसभेत लक्षवेधी लावणारी पुढची बाई मुंबईत नव्हती.

वाचकाला एक विनंती. पुढची प्रकरणे वाचताना सभागृहातली खडाजंगी शोधू नये. ती वर्तमानपत्रांत अधिक चांगली सापडेल. प्रश्नाला आलेले उत्तर वाचावे, मग त्याच विषयावर पुढच्या अधिवेशनात काय विचारले गेले ते पाहावे आणि दोहोंमधल्या काळात रस्त्यावर काय घडले ते त्याला जोडून घ्यावे. तसेच आपल्या मतदारसंघातल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, हेही एकदा काढून पाहावे. ती माहिती आता विधिमंडळाकडून मिळते. महाराष्ट्राच्या विधानसभेत प्रभा राव, प्रतिभा पाटील आणि मृणाल गोरे या स्त्रिया विरोधी पक्षनेत्या झाल्या. मृणालताईंनी ते पद ऑक्टोबर १९८९ मध्ये सोडले; त्यानंतर तिथे एकही स्त्री बसलेली नाही.